बरीच वर्षं उभी असलेली सिट्रोएन 15-सिक्स चालू करताना

आधी गाडी कुठल्या काळातली आहे ते ठरवा, पाना नंतर हातात घ्या. सिट्रोएनची ट्रॅक्सिओं आव्हाँ, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, 1934 साली चार सिलिंडरची आली, तिचीच सहा सिलिंडरची 15-सिक्स 1938 साली. सिलिंडर चार सिलिंडरच्या '11' मॉडेलच्याच मापाचा, 78 मिमी बोअर (व्यास) आणि 100 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). चाराचे सहा केले आणि 1911 सीसीचे 2867 झाले. 1947 पर्यंतचं इंजिन डावीकडे फिरतं, ते 'जी'. त्यानंतरचं उजवीकडे, ते 'डी'. सुटे भाग जमवताना जीचं इंजिन आणि डीचा गिअरबॉक्स एकत्र बसवलात, तर पुढचा गिअर एक आणि रिव्हर्स तीन मिळतील! हसण्यावारी नेऊ नका, हे सगळं जोडून झाल्यावरच कळतं.

आता डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजा, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) बुडाच्या सीलमधून पाणी खाली उतरलंय. अशा वेळी स्टार्टरला हात लावायचा नाही, इंजिन खोलायचं. हेड काढलं की क्रँक फिरवू नका. लायनर वेट आहेत, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे, नुसते बसवलेले. पिस्टनबरोबर वर उचलले गेले की चांगली सीलंही जातात. फिरवणं भागच असेल तर वॉशर-पट्टी लावून लायनर दाबून धरा.

ऑइल स्वच्छ असेल तर सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हँडलने हळू फिरवा. अडलं तर जोर नको, आणखी दोन दिवस थांबा.

मराठवाड्यात खरी गोची पाण्याची. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार पंपापासून लांबच्या सिलिंडरभोवती थर धरतात आणि मे महिन्यात नेमका तोच सिलिंडर तापतो. ब्लॉक धुवायला लिटरमागे 30 ग्रॅम लिंबूसत्त्व घाला, इंजिन अर्धा तास कोमट चालवा, पाणी काढा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा. एक धोका आहे: काही ठिकाणी गळती गंजानेच थांबवलेली असते, ती या धुण्याने उघडी पडते. पडू द्या, जालना-लातूरच्या रस्त्यावर भर उन्हात पडण्यापेक्षा दारात बरी. नंतर आरओचं पाणी आणि कूलंट, बोअरचं पुन्हा नाही.

वायरिंग 6 व्होल्टचं आहे. तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो, म्हणून मोटरसायकलच्या बारीक वायरी चालत नाहीत. अर्थची केबल जाड हवी आणि तिच्याखालचा रंग खरवडलेला. स्टार्टर कण्हत असेल तर बॅटरीआधी ही केबल बघा. बरेच मिस्त्री सरळ 12 व्होल्ट लावून मोकळे होतात, मग बल्ब उडतात.

1954 ची 15-सिक्स 'एच' असेल तर मागचं सस्पेन्शन हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे द्रव आणि वायूच्या दाबावर चालणारं आहे. तिच्यात एलएचएम हे सिट्रोएनचं नंतरचं हिरवं हायड्रॉलिक ऑइल चुकूनही टाकू नका, जुनी रबरी सीलं त्यात टिकत नाहीत.