स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताची, जखमेची आणि पुढच्या वर्षांची काळजी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की घरातल्या सर्वांचे लक्ष छातीवरच्या टाक्यांकडे लागलेले असते. टाके दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. त्या बाजूच्या हाताकडे मात्र पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागते, आणि नेमके तेच घरी जाताना कोणाच्या लक्षात राहत नाही. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाटपासून रुग्ण येतात, काही दिवसांत सुट्टी घेऊन परततात आणि नंतर शंका विचारायला जवळ कोणी नसते. म्हणून सुट्टी होण्याआधीच एक गोष्ट डॉक्टरांकडून समजून घ्यावी आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी: काखेतल्या लसिकागाठींपैकी (शरीरातील द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींपैकी) एक-दोनच तपासणीसाठी काढल्या, की सगळ्या काढल्या? सगळ्या काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीला पुढे हाताला सूज येते. मोजक्याच काढल्या असतील तर हे प्रमाण सुमारे वीसांत एक इतके खाली येते. पुढची सारी काळजी किती काटेकोरपणे घ्यायची, हे या एका उत्तरावर ठरते.

ड्रेनसह घरी

बहुतेक रुग्ण काखेतून निघालेली नळी आणि तिला जोडलेला दाबाचा डबा, म्हणजेच ड्रेन, घेऊनच घरी येतात. आत साचणारा द्रव बाहेर ओढून घेणे हे त्याचे काम, आणि डबा चेपलेला असेल तोवरच तो ओढतो. फुगून मोठा झाला की ओढ संपली. रिकामा करताना साबणाने हात धुवावेत, नळीवरची चिमटी बंद करावी, डब्याचे बूच उघडून द्रव मापाच्या कपात ओतावा, डबा तळहाताने पूर्ण दाबून धरावा आणि दाबलेल्या स्थितीतच बूच लावावे. त्यानंतरच चिमटी सोडावी. हा क्रम चुकला की डबा नुसताच लटकत राहतो. रोज ठरावीक वेळी माप घेऊन वहीत तारखेसह लिहावे. पहिल्या दिवसांत द्रव लालसर असतो, मग गुलाबी होतो आणि शेवटी पिवळसर पाण्यासारखा दिसू लागतो. चोवीस तासांत तो २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आला आणि सलग दोन दिवस तसाच राहिला, की ड्रेन काढण्याचा विचार डॉक्टर करतात. अर्थात याचा निर्णय घरी घ्यायचा नसतो. द्रव अचानक लालभडक होऊन डबा भरू लागला, त्याला दुर्गंध आला किंवा ताप चढला, तर वहीसह तडक रुग्णालय गाठावे.

डबा जखमेच्या पातळीपेक्षा खाली राहावा म्हणून कमरेला बांधता येईल अशी कापडी पिशवी शिवून घेणे उत्तम. पुढून हुक असलेला साडीवरचा ब्लाउज या दिवसांत फार सोयीचा पडतो, कारण डोक्यावरून घालायचे कपडे जमत नाहीत. घालताना शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात आधी आणि काढताना शेवटी, हे घरच्या मदतनिसालाही सांगून ठेवावे. ड्रेन काढल्यानंतर काखेखाली पाणी साचून तेथे पखालीसारखे हलल्यासारखे वाटते. बहुतेक वेळा ते शरीरात हळूहळू जिरते, आणि फार ताण आला तर डॉक्टर सुईने काढतात. घरी दाबून, शेकून किंवा टोचून ते काढू पाहणे म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण.

एसटीने गावी परतणाऱ्यांनी शस्त्रक्रियेची बाजू खिडकीकडे येईल अशी जागा पाहावी, म्हणजे ये-जा करणाऱ्यांचे धक्के लागत नाहीत. मध्ये छोटी उशी ठेवावी आणि वरचा दांडा दुसऱ्याच हाताने धरावा.

हात उचलणे

हात जपून, अंगाशी धरून ठेवला की लवकर बरा होतो, हा घरोघरीचा समज मला सर्वांत घातक वाटतो. तसे केल्याने खांदा आखडतो आणि मग तो सोडवणे टाके भरण्यापेक्षा कठीण जाते. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर दुसऱ्या दिवसापासूनच मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे, कोपर वाकवणे, खांदे उचलून सोडणे आणि दीर्घ श्वास घेणे सुरू करावे. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. पुनर्रचना, म्हणजे स्तनाचा नवा आकार त्याच वेळी घडवला असेल, तर व्यायामाचे वेळापत्रक वेगळे असते व ते शल्यचिकित्सकच देतात.

ड्रेन निघाल्यावर भिंतीचा व्यायाम सुरू होतो. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून बोटांच्या टोकांनी हात हळूहळू वर चढवत न्यावा, ताण जाणवला की तेथे क्षणभर थांबावे आणि तसाच खाली आणावा. असे पाच-दहा वेळा, दिवसातून तीनदा. जेथवर बोटे पोहोचली तेथे पेन्सिलने बारीक खूण करून शेजारी तारीख घालावी. भिंत खराब होईल, पण चढत जाणाऱ्या त्या खुणा पाहून येणारा धीर कोणाच्या सांगण्याने येत नाही. ताण चालेल, टोचल्यासारखी कळ चालणार नाही. ही घाई करण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे: रेडिएशन घेताना हात डोक्यावर ठेवून निश्चल पडून राहावे लागते आणि तेवढा हात वर जात नसेल तर उपचारच लांबतो.

या काळात काखेपासून कोपरापर्यंत, कधी थेट मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी जाणवते. आजार परतला या भीतीने बायका हात हलवणेच थांबवतात. हे आजार परतल्याचे लक्षण नसते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताण दिल्यावर बहुधा काही महिन्यांत ती दोरी नाहीशी होते. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येणे हेही नेहमीचे, कारण काखेतून जाणारी संवेदनेची नस दुखावते किंवा कापली जाते. हा बधिरपणा कायमही राहू शकतो. तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कातडी भाजली तरी कळत नाही.

सूज ओळखणे

लसिकेचा, म्हणजे शरीरातील स्वच्छ द्रवाचा, परतीचा मार्ग काखेतून जातो. तेथल्या गाठी काढल्याने किंवा रेडिएशनने तो अरुंद झाला, की द्रव हातातच अडून राहतो. ही सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत येते, तशी अनेक वर्षांनीही येऊ शकते. पहिली खूण बहुधा बांगड्यांवर दिसते: एका हातात सहज चढणारी बांगडी दुसऱ्या हातात अडते, ब्लाउजच्या बाहीचा वळ उमटतो, संध्याकाळी हात जड वाटतो. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हात मनगटापाशी आणि तेथून दर दहा सेंटिमीटरवर दंडापर्यंत मोजावेत व महिन्यातून एकदा आकडे लिहावेत. शक्य असेल तर पहिले माप शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावे. दोन हातांत पूर्वी नसलेला दोन सेंटिमीटरचा फरक दिसू लागला, तर वाट न पाहता दाखवावे, कारण सुरुवातीची सूज आटोक्यात येते, जुनी होऊन घट्ट झालेली सहसा येत नाही.

उपचारात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट अतिशय हलक्या हाताने द्रव वाट मोकळी असलेल्या भागाकडे सरकवतात, थरांचे बँडेज बांधतात आणि नंतर मापाची दाब देणारी बाही दिवसभर घालायला सांगतात. जोर लावून केलेली तेलमालिश याच्या अगदी उलट परिणाम करते. अंदाजाने विकत घेतलेली बाही मनगटाशी दाटली तर बोटे सुजतात, म्हणून माप देऊनच घ्यावी. रोज वापरून तिचा ताण सैल पडतो आणि साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा ही बाही नकोशी होते हे खरेच. दोन बाह्या आलटून-पालटून धुवून वापराव्यात, दुपारची कामे कूलरपुढे किंवा सकाळी उरकावीत, आणि रात्री कातडीला साधे मॉइश्चरायझर लावावे.

हाताला जखम होऊ नये म्हणून लिंबाच्या झाडाशी, भांडी घासताना आणि बागेत हातमोजे घालावेत. पावसाळ्यात डास चावू नयेत याची दक्षता घ्यावी. सुई आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावायला सांगावे. हात लाल, गरम झाला व ताप आला तर त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे आणि संसर्ग जाईपर्यंत हलकी मालिशही बंद ठेवावी.

वजनाबाबत मात्र अतिरेक नको. पहिले चार ते सहा आठवडे भरलेली बादली किंवा गॅसचे सिलिंडर उचलू नये. त्यानंतर थोड्या वजनापासून, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत गेलेला व्यायाम सुरक्षित असतो. धोका अचानक पडणाऱ्या श्रमाचा असतो. महालक्ष्म्यांना पन्नास पानांच्या पुरणपोळ्या पहिल्याच वर्षी एकटीने लाटण्याचा आग्रह घरातल्यांनी धरू नये आणि तिनेही ‘मला काही होत नाही’ म्हणून धरू नये. स्कूटी चालवण्याचा निकष सोपा आहे: न दुखता अचानक ब्रेक दाबता येतो आणि हँडल पूर्ण वळते, तेव्हा डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

रेडिएशन, कपडे, गोळ्या

रेडिएशन बहुधा तीन ते पाच आठवडे चालते. कातडी लालसर, मग काळसर होते, काखेच्या घडीत सोलते, आणि त्रासाचा कळस उपचार संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत येतो. औषधाने अपाय झाला असे समजून घाबरू नये. सैल सुती कपडे घालावेत, त्या जागी पावडर, हळदीचा लेप, डिओडरंट काहीही लावू नये आणि उन्हात जाताना दुपट्ट्याने छाती-गळा झाकावा.

स्तन पूर्ण काढला असेल तर जखम शांत झाल्यावर हलका कापडी पॅड आणि सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरता येतो. तो केवळ दिसण्यासाठी असतो असे नाही, एका बाजूचे वजन गेल्याने खांदा झुकतो व पाठ-मान दुखते, तेही त्याने सावरते. आतून खिसा शिवायला सांगितला की कोणतीही शिवणारी बाई तो ब्राला लावून देते.

कर्करोग हार्मोनवर वाढणारा असेल तर हार्मोनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, आणि मे महिन्यात त्या ओळखूही येत नाहीत. तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, त्रास सांगावा, त्यावर उपाय असतात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्वरित कळवावे. त्याऐवजी हार्मोन कमी करणारी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही गोळी सुरू असेल तर सांधे आखडतात आणि हाडे विरळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व याबद्दल विचारावे. या गोळ्यांनी येणारा योनीचा कोरडेपणा बहुतेक जणी सांगतच नाहीत. त्यावरही उपाय आहेत, फक्त दुकानातून मनाने हार्मोनचे मलम आणू नये. थकवा महिनोनमहिने टिकतो आणि दिवसभर झोपून राहिल्याने वाढतो. सकाळी अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठाने अर्धा तास चालणे हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय. आहारात वरण, दही, अंडी, मासे भरपूर असावेत. दूध-साखर बंद करण्याचे शेजारचे सल्ले ऐकण्यापेक्षा वजन वाढू न देणे महत्त्वाचे, कारण वाढत्या वजनाबरोबर हाताच्या सुजेचा धोकाही वाढतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला कागदपत्रे सुरुवातीलाच दाखवावीत. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणीला जावे. उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. काही त्रास नसताना पेट (PET) स्कॅन किंवा रक्तातील कर्करोगाच्या मार्करची तपासणी वारंवार करून घेण्याने फायदा होत नाही, चिंता आणि खर्च मात्र वाढतो. उलट व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ, न थांबणारी पाठदुखी, दम लागणे, सतत डोकेदुखी किंवा कावीळ यांपैकी काही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रियेचा व बायोप्सीचा अहवाल, गोळ्यांची यादी आणि हाताच्या मापांची वही घेऊन जावे.