मराठवाड्यात विदेशी फळझाडं लावताय? मग या चुका टाळा

व्हिडिओ केरळचा बघायचा आणि खड्डा परभणीत खणायचा, निम्मी झाडं इथंच जातात. रामबुतान, मँगोस्टीन, ड्युरियन ही दमट हवेतली झाडं, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री आणि वरून कोरडं वारं, पानं कडेनं करपत जातात मग कितीही पाणी घाला. नर्सरीवाला ‘कुठंबी येतंय’ म्हणतो, म्हणणारच, त्याला रोप विकायचंय. हौस असेल तर शेडनेटखाली एखादं लावा, एकरभर लावायच्या भानगडीत पडू नका. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ बिनपाण्याचं येतं, बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, पण म्हणून त्याच्याच कुळातलं लक्ष्मणफळ तसंच येईल असं काही नाही, त्याला ओल लागते.

अवोकॅडो आपल्याकडं उन्हानं मरतं त्यापेक्षा साचलेल्या पाण्यानं जास्त मरतं. काळ्या रानात मोठा खड्डा घेऊन मुरूम-शेणखत भरलं की सोय झाली असं वाटतं, पण पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्याच मऊ खड्ड्यात येऊन थांबतं, फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोग मुळं कुजवतो, झाड माना टाकतं आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून अजून ड्रिप सोडतो! आधी जरा उकरून बारीक मुळ्या बघा, पांढरट असल्या तर ठीक, काळ्या पडून हातात तुटायला लागल्या तर पाणी बंद करा. लावायच्या आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर तिथं खड्डाच नको, दीड-दोन फूट उंच बेड करून त्यावर लावा.

पान पिवळं दिसलं की लगेच युरिया, ही अजून एक सवय. पान हातात घेऊन बघा ना. शेंड्याचं नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते लोह कमी पडलंय. चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास, त्यात बोअरचं जड पाणी, लोह मातीत असतं पण झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून पण उपयोग नाही, चुना तो अडकवून टाकतो. ईडीडीएचए चिलेटेड लोह घ्या, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह, ईडीटीएवालं अशा जमिनीत टिकत नाही, पाकीट नीट वाचा. जाबुटिकाबा, मिरॅकल फ्रूट ही विदेशी झाडं तर आम्लधर्मी मातीतलीच, ती कुंडीतच ठेवलेली बरी.

ड्रॅगन फ्रूट निवडुंग आहे म्हणून ऊन सोसतं म्हणतात, पण ते जंगलात झाडांवर चढणारं निवडुंग, मेच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडून भाजतात. एप्रिल-मेपुरती नेट नाहीतर केओलिनची (पांढऱ्या मातीच्या पावडरची) फवारणी करा. आणि भाव चढलाय म्हणून कच्चं तोडू नका, तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. अवोकॅडोचं बरोबर उलटं, ते झाडावर मऊ होतच नाही, तयार झालं की तोडून घरात पिकवायचं, झाडावर चाचपत बसू नका.

खाताना पण जरा बघून. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा कॅन्सरवर म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यानं कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्याच्या बिया विषारी असतात, ज्यूस करताना एकूणएक काढा. स्टार फ्रूट म्हणजे कमरख, किडनीचा त्रास असलेल्यांना अजिबात देऊ नका, उचकी लागण्यापासून फिट येण्यापर्यंत प्रकरण जातं, जीवही गेलेत. पाहुण्यांना फोडी देताना आधी विचारा.