१२ फोटो, १,७२८ दारं

पुण्यात कसबा किंवा शनिवार पेठेत तासभर भटकलं, की वाड्यांच्या दारांचे वीस-पंचवीस फोटो सहज जमतात. त्यांचं वेबपानावरचं एक खेळणं करता येतं. त्यातले १२ निवडा आणि प्रत्येकाचे आडवे तीन भाग धरा: वर गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी), मध्ये कडी-कोयंडा, खाली उंबरठा. बघणारा ज्या भागावर बोट टेकवेल, तेवढाच बदलून तिथे पुढच्या दाराचा तोच भाग येईल. १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ दारं. कोड जेमतेम वीस ओळींचा. खरी मेहनत दारं एका मापात बसवण्याची.

फोटो काढताना फोन उभा, ग्रिड चालू, दाराच्या बरोबर समोर आणि छातीच्या उंचीवर. बोळ अरुंद असतो म्हणून वाइड लेन्सचा मोह होतो, पण त्यात चौकटीच्या उभ्या बाजू वाकड्या होतात. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून १एक्सवरच, म्हणजे झूम न बदलता काढा. मावलं नाही तर ते दार सोडा. भर दुपारी छपराची सावली नेमकी गणेशपट्टीवर येते. ढगाळ दिवस सगळ्यात बरा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा कितीही खुणावला तरी तो या मापात बसत नाही. राहत्या घराचं दार असेल तर आधी विचारा, आणि नावाची पाटी पुसून टाका.

आता जुळवणी. गिंप या फोटो सुधारण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ९०० × १२०० पिक्सेलची फाइल घ्या. उभ्या गाइड (मापाच्या खुणेच्या रेषा) २०० आणि ७०० वर: चौकटीच्या आतल्या कडा. आडव्या ३०० वर, चौकटीच्या वरच्या लाकडाची खालची कड, आणि १०५० वर उंबरठ्याची वरची कड. पर्स्पेक्टिव्ह टूलने चारही कोपरे तिथे आणून बसवा. दहाएक टक्के ताण खपून जातो; त्यापुढे गोल कडी अंड्यासारखी दिसू लागते. तसं झालं तर दुसरं दार घ्या.

जेपीजी, क्वालिटी ७५. एक्सपोर्ट करताना एक्झिफची (फोटोत दडलेल्या माहितीची) टिक काढा, नाहीतर फोटोबरोबर त्या घराचं नेमकं ठिकाणही जातं. फाइलींना ० ते ११ अशी नावं द्या. कॅमेऱ्याने जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिलं आणि तुम्ही कोडमध्ये स्मॉल, तर फोटो सापडणारच नाही.

पी५.जेएस ही वेबपानावर चित्रं हलवण्या-बदलण्याचा कोड सोपा करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्या ब्राउझरमधल्या मोफत एडिटरवर फाइली चढवा. आवृत्ती १ मध्ये फोटो 'प्रीलोड'मध्ये भरतात. आवृत्ती २ मध्ये ती सोय काढली आहे, तिथे 'सेटअप'च्या आधी 'असिंक' आणि 'लोडइमेज'च्या आधी 'अवेट' लिहावं लागतं. जुना कोड उचलून चिकटवणारे इथेच अडकतात.

कॅनव्हास, म्हणजे पानावर चित्र उमटतं ती जागा, ४५० × ६००. तीन भागांत कोणत्या क्रमांकाचे फोटो दिसतात ते एका ॲरेमध्ये (यादीत) ठेवा, सुरुवातीला तिन्ही वेगळे. चित्र उमटवणाऱ्या 'इमेज'ला फोटोनंतर आठ आकडे द्यायचे: पहिले चार कॅनव्हासवरच्या जागेचे (डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची), पुढचे चार मूळ फोटोतल्या तुकड्याचे. मधल्या भागासाठी ०, २००, ४५०, २०० आणि मग ०, ४००, ९००, ४००. दुसरी चौकडी दुप्पट करायला विसरलात, तर प्रत्येक दाराचा डावा वरचा पाव भागच दिसेल.

क्लिक झाल्यावर 'माउसवाय'ला, म्हणजे क्लिकच्या वरून अंतराला, २०० ने भागून खालचा पूर्णांक घ्या, तो भागाचा क्रमांक. त्या भागाच्या आकड्यात १ मिळवा आणि १२ ने भागून बाकी ठेवा. बाकी काढली नाही तर ११ क्रमांकाच्या फोटोनंतर कोड कोसळतो.

सांधे मऊ करत बसू नका. सागवानी गणेशपट्टीखाली निळ्या ऑइलपेंटची फळी खटकन बदलते, त्यातच गंमत आहे. फोनवर भराभर दोनदा टॅप केलं की पान झूम होतं, तेवढं मात्र सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत) 'टच-ॲक्शन: मॅनिप्युलेशन' लिहून थांबवा.