पहिलं गाणं अडतं कुठे? या चुका टाळा

धुळ्यात माझ्याकडे हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकायला येणारी पोरं पाच-सहा महिन्यांनी हमखास एक वही घेऊन येतात. "दादा, गाणं लिहिलंय, पण चालीत बसत नाही." वहीतली कविता कधी कधी खरंच चांगली असते. मी सांगतो, वही मीट आणि म्हणून दाखव. दुसऱ्याच ओळीला दम लागतो.

इथेच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक असते. गाणं कागदावर करायला घेतलेलं असतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या म्हणत आणि घरची माणसं त्या उतरवून घेत. त्या ओळी आजही कुणाच्याही तोंडात सहज बसतात. त्यांचे बहुतेक चरण आठ अक्षरांचे आहेत आणि ती आठ अक्षरं बोटांवर मोजून नाही, जात्याच्या फेऱ्याबरोबर आलेली आहेत.

ओळ लांबते, कारण शब्द घरचे नसतात

मागच्या कापसाच्या हंगामात शिंदखेड्याकडच्या एका पोरानं आईवर गाणं केलं. पहिली ओळ अशी होती: "माझी आई शेतामध्ये कापसाची वेचणी करते". मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं. "माझी आई शेतामध्ये" ही आठ अक्षरं, "कापसाची वेचणी करते" ही दहा. तो ते शेवटचं "करते" घाईघाईनं कोंबत होता आणि दर वेळी ठेका चुकत होता. मग ढोलकीवाल्यावर चिडायचा.

शब्द छाटून हे सुटत नाही. मी त्याला आमच्या अहिराणी बोलीत विचारलं, "तू घरमा कसं बोलस?" (घरात कसं बोलतोस?) जरा लाजला, मग म्हणाला:

माय वेचस कापूस
बोटले टोचस बोंड

दोन्ही ओळी आठ-आठ. केहरवा तालाच्या आठ मात्रांत (ठोक्यांत) एकेक ओळ आपसूक बसली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते टोचणारं बोंड आलं. वहीतल्या गाण्यात "कष्ट", "त्याग", "काळजाचा तुकडा" सगळं होतं, बोंड कुठेच नव्हतं.

अहिराणीतच लिहा असं माझं म्हणणं नाही. पण एक धरा. एका ओळीत अहिराणी "मना" (म्हणजे माझा) आणि पुढच्या ओळीत "माझा" आलं की ऐकणाऱ्याला गाणारा कोण, कुठला, तेच कळत नाही. रावेर-यावलकडची लेवा बोली पुन्हा वेगळी. तिथल्या माणसानं केवळ यूट्यूबवर चालतं म्हणून अहिराणीत लिहिलं की पहिल्याच कडव्यात पकडला जातो.

आधी ठेका, मग गाणं

कीबोर्ड चालू केला की त्यातला तयार ऱ्हिदम चालू करायचा मोह होतो. आपल्याकडे तर कान लग्नाच्या वरातीवर तयार झालेले, त्यामुळे बोट थेट सगळ्यात धावत्या ठेक्यावर जातं. मग विरहाचं गाणंही नाचायला लागतं. ऱ्हिदम बंद ठेवा. मांडीवर हात मारत नुसत्या तोंडानं म्हणा. ओळ आठच्या पावलानं चालत असेल तर केहरवा: धा गे ना ति, न क धि न. झोका घेतल्यासारखी सहाच्या पावलानं जात असेल तर दादरा: धा धी ना, धा ती ना. पुष्कळ वेळा चाल मनात दादऱ्याची असते आणि मशीनवर केहरवा लावलेला असतो. महिनाभर झटून गाणं बसत नाही, त्याचं कारण एवढंच.

गिटारवाल्यांचंही तेच. सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड फिरवत बसायचं आणि त्यांच्यावर काहीतरी गुणगुणायचं. त्यातून चाल निघत नाही असं नाही, पण अशा दहा चाली एकसारख्याच निघतात. गिटार खाली ठेवून चाल पूर्ण म्हणता आली, तरच ती झाली असं धरा. कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या) रात्री बायका गातात ती गाणी ऐका. चार-पाच स्वर, कॉर्ड एकही नाही, तरी पहाटेपर्यंत पुरतात.

पट्टी

हा दोष पाच मिनिटांत जातो, म्हणून थोडक्यात. पट्टी म्हणजे आपला सा कुठल्या सुरावर धरायचा ते. नवखा माणूस पांढरी एकपासून (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून) वाजवायला शिकलेला असतो, म्हणून गाणंही पांढरी एकमध्येच करतो. मुखडा (परत परत येणारी सुरुवातीची ओळ) छान जातो आणि अंतरा (मधलं कडवं) वर चढला की आवाज फाटतो. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ आधी गाऊन बघा, ती जिथे आरामात लागेल तिथे सा धरा. पट्टी बदलायला कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे, गिटारला कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) आहे. दुसऱ्याची पट्टी उसनी घेऊ नका. माझ्या क्लासमध्येच एक जण काळी एकला गातो आणि त्याची बहीण काळी चारला.

मुखडा झाला, पुढे काय?

अर्धी गाणी इथे मरतात. मुखड्यात सगळं सांगून टाकलेलं असतं, मग अंतरा तेच वेगळ्या शब्दांत म्हणतो. अंतऱ्याला जागा किंवा वेळ बदला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरीचं गाणं असेल तर पहिला अंतरा झोक्यावर, दुसरा आईच्या चुलीपाशी, तिसरा परत जायच्या एसटी स्टँडवर. मुखडा तोच राहू द्या. स्टँडवर तो तिसऱ्यांदा आला की त्याचा अर्थ आपोआप बदललेला असतो.

शब्दच सुचत नसतील तर काही दिवस दुसऱ्याच्या शब्दांना चाल लावा. धरणगावचे बालकवी १९१८ साली गेले. आपल्या कायद्यानं कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या कविता कधीच्याच सगळ्यांच्या झाल्यात. रोज एका कडव्याला दोन वेगवेगळ्या चाली लावून बघा. शब्द चालीला कुठे ओढतात ते यातून जितकं कळतं, तितकं कुठल्या क्लासात कळत नाही, माझ्याही नाही.

हक्काचा विषय निघालाच आहे तर: पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते, पण त्या चालीचं कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग त्याचं असतं. नेटवरून ट्रॅक उचलून त्यावर गायलात तर व्हिडिओवर दावा येतो, मग रडायचं नाही. आणि आपली चाल खरंच आपली आहे का, हे बघायचं असेल तर शब्द न सांगता नुसत्या ला-ला वर घरातल्या कुणालातरी ऐकवा. माझ्या एका "नव्या" चालीवर आईनं भाकरी थापता थापता जुन्या सिनेमातलं गाणं पूर्ण म्हणून दाखवलं होतं.

चाल हरवणं

एकदा अमळनेरहून धुळ्याला येताना एसटीत एक मुखडा सुचला. इतका पक्का वाटला की घरी जाऊन वाजवू म्हणालो. स्टँडवर उतरलो तर तिथे लाउडस्पीकर चालू होता. चाल गेली ती गेलीच, शब्द अजून वहीत पडून आहेत.

तेव्हापासून फोनमध्ये लगेच रेकॉर्ड करतो. पण नुसतं गुणगुणणंही पुरत नाही. आठवड्यानं ऐकलं की सम (तालाची पहिली मात्रा) कुठे होती तेच कळत नाही. आता आधी चार टाळ्या, मग एकदा मुखडा, मग तोंडानं सांगायचं: केहरवा, काळी दोन, दुसरी ओळ वरून सुरू. फाइलला नाव मुखड्याच्या पहिल्या दोन शब्दांचं. पंखा मात्र बंद करा. माझी कितीतरी रेकॉर्डिंगं नुसत्या पंख्याची आहेत.