खराब रस्त्यांसाठी मॅगव्हील आणि टायर घेताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरायला लागला की टायरच्या दुकानात तीच ती गाडी येते. रिमची आतली कड चेपलेली, टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा आणि मालकाचा ठरलेला प्रश्न: "सगळ्यात दणकट रिम कुठली?" खड्ड्याचा मार खाणं हे रिमचं कामच नाही, ते टायरचं आहे. मार रिमपर्यंत पोचला याचा अर्थ टायर कमी पडला. तरी लोक पैसे ओततात रिमवर आणि टायर घेतात उरलेल्या पैशांत.

रिम मोठी, टायर बारीक

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी आकडे बघा. टायरवर 185/65 R15 असं छापलेलं असतं. रुंदी 185 मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची. म्हणजे रस्ता आणि रिमची कड यांच्यामध्ये साधारण 120 मिलिमीटर रबर आणि हवा. त्याच गाडीला 16 इंची रिमवर 195/55 चढवला की उरतात 107. 17 इंचीवर 205/45 चढवला की 92. गंमत अशी, की चाकाचा एकूण व्यास तिन्ही वेळा 616 ते 622 मिलिमीटरच भरतो. स्पीडोमीटर जवळपास तेच दाखवतो, चाक कमानीत छान बसतं आणि दुकानदार म्हणतो, "एकदम परफेक्ट." खोटं बोलत नसतो तो. फक्त चाकाखालची 28 मिलिमीटर उशी काढून घेतलेली असते, जवळजवळ पाव हिस्सा.

खड्ड्याच्या पलीकडच्या धारेवर चाक आदळलं की टायरची कूस दुमडते आणि रिमची कड व डांबराची धार यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं. त्या क्षणी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे धागे तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. त्यावर पॅच चालत नाही, व्हल्कनायझिंगही नाही. टायर फेकायचा. "अजून दोन महिने काढतो" म्हणणारे हायवेवर शंभरच्या वेगात टायर फुटण्याची वाट बघत असतात, एवढंच.

कराडहून चिपळूणला निघालेल्या एका हॅचबॅकचं उदाहरण घ्या. मूळच्या 15 इंची लोखंडी रिमा काढून 17 इंची मॅगव्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमा), 205/45 टायर आणि शोभेचे बारीक तोंडाचे नट. पाच माणसं, डिकी भरलेली, रात्र, धो धो पाऊस. कुंभार्ली घाटात पाण्याने भरलेला खड्डा डबकं वाटला. डावं पुढचं चाक गेलं, त्याच्या मागोमाग मागचं. पुढच्या रिमला आतल्या बाजूने बोटभर चीर, मागच्या टायरची कूस फाटलेली. चाकं दोन गेली, स्टेपनी एक. आणि तीही चढेना, कारण त्या बारीक नटांची खास चावी घरी कपाटात होती आणि मूळचे नट दुकानातच राहिले होते. घाटात रात्र काढून सकाळी गाडी टोइंगवर गेली. रस्त्याला चार शिव्या घातल्या गेल्या असतील, पण त्यातल्या निदान तीन त्या सेटवर खर्च करायला हव्या होत्या.

मोठ्या रिमचा आणखी एक तोटा फारसं कुणी बघत नाही. टायरच्या मापापुढे लोड इंडेक्स असतो, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. 185/65 R15 वर 88, म्हणजे एका टायरला 560 किलो. 205/45 R17 साधा घेतला तर 84, म्हणजे 500 किलो. हाच टायर एक्सएल, म्हणजे जास्त भाराच्या प्रकारात 88 चा मिळतो, पण पूर्ण 560 किलो पेलायला त्याला जास्त हवा लागते, म्हणजे बारीक टायर आणखी कडक. मूळ इंडेक्सपेक्षा खालचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मग घ्यायचं काय? कंपनीचं माप. आणि रस्ते फारच वाईट असतील तर उलट्या दिशेने जा. बऱ्याच मॉडेलांत वरच्या व्हेरिएंटला मोठी रिम आणि खालच्याला लहान रिम, उंच टायर असतो. बलेनोला वर 195/55 R16 आहे, खाली 185/65 R15. खालच्या व्हेरिएंटचं माप त्याच मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेलं असल्याने कागदोपत्री कटकट कमी. मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक चढवून, हाताने पूर्ण फिरवून बघायचं. दिसायला गाडी थोडी साधी दिसेल. दिसू दे.

रोज खाणीच्या, साखर कारखान्याच्या किंवा वाडीवस्तीच्या कच्च्या रस्त्यानेच जायचं असेल तर लोखंडी रिम वापरायला लाजू नका. लोखंड वाकतं, हातोड्याने बरंचसं सरळ होतं. मॅग तडकतं. नवीन मॅगव्हील घेतलेत तरी मूळच्या रिमा विकू नका, पावसाळ्यात त्याच चढवा.

तडकलेली रिम वेल्डिंग करून चालवणं

"आर्गन वेल्डिंग करून देतो, नवीन रिमच्या चौथाई पैशांत." हे वाक्य ऐकून भुलणारे पाहिले की वैताग येतो, कारण इथे पैशांपेक्षा जीव स्वस्त धरला जातो. बहुतेक मॅगव्हील ए356 नावाच्या ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे असतात, त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. ओतल्यावर ती रिम 540 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, झटकन थंड करतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. याला टी6 म्हणतात आणि रिमची ताकद त्यातूनच येते. वेल्डिंगच्या ज्योतीने नेमकी ती प्रक्रिया पुसली जाते. टाका भरलेला दिसतो, वर पावडर कोटिंग मारलं की नवीनही दिसतं, पण टाक्याच्या दोन्ही बाजूंचा धातू मऊ पडलेला असतो. पुढची चीर टाक्यात नाही, टाक्याशेजारी येते.

आतली कड नुसती वाकली असेल, चीर नसेल, तर चांगल्या मशीनवर सरळ करून घ्यायला हरकत नाही. चीर आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नका. टायर उतरवा, कड ब्रशने स्वच्छ घासा, डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चिरेत शिरून ती उठून दाखवणाऱ्या रंगाचा, स्प्रे मारून बघा. चीर नटाच्या भोकाजवळ किंवा स्पोकच्या मुळाशी असेल तर रिम भंगारात. आणि "आत ट्यूब टाका, हवा गळणार नाही" हा सल्ला देणाऱ्याच्या दुकानात पुन्हा जाऊ नका. ट्यूबने हवा थांबते, चीर वाढायची थांबत नाही.

शिक्के न वाचणं

नवीन रिम उलटी करा. स्पोकच्या मागे किलोत भारक्षमता ओतलेली असते. गाडीच्या पुस्तकातलं जास्त भार असलेल्या ॲक्सलचं वजन घ्या, दोनने भागा. रिमची क्षमता त्यापेक्षा बरीच वर हवी. आपल्याकडे आयएस 16192 चा आयएसआय शिक्का शोधायचा. जेडब्ल्यूएल हा जपानी दर्जाचा शिक्का बनवणाऱ्याने स्वतः केलेला दावा असतो, सोबत व्हीआयए असेल तर जपानमधल्या स्वतंत्र तपासणीतून गेलेली. आकडा कुठेच नसेल तर रिम खाली ठेवून दुकानाबाहेर पडा. टायरवर आयएस 15633 आणि चार आकडी तारीख बघा: 2423 म्हणजे 2023 चा चोविसावा आठवडा. स्टॉक निकाली काढायला ठेवलेले जुने टायर सवलतीत मिळतात ते उगाच नाही.

"बसतंय ना, मग झालं"

चार भोकांची रिम म्हणजे कुठल्याही चार भोकांच्या गाडीला चालते असं नाही. 4×98 ची रिम (चार भोकं, 98 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) 4×100 च्या हबवर, म्हणजे रिम जिथे बसते त्या मधल्या भागावर, नट आवळून बसवता येते, पण नटाचा कोन भोकात पूर्ण टेकत नाही आणि नट ढिले होत राहतात. आठ भोकांच्या दोन-मापी रिमा टाळाच, हबजवळचं मांस फुकट कमी होतं. मधलं भोक मोठं असेल, उदाहरणार्थ हब 54.1 चा आणि रिम 73.1 ची, तर मधली फट भरणारी हब रिंग हवीच. नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) 45 वरून 25 केला की चाक 20 मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण आणि खड्ड्यात टायर फेंडरला घासतो.

नट एअरगनने कचकचून आवळू देऊ नका. टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तकातल्या आकड्यावर. लहान गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर असतो. नवीन मॅगव्हीलचे नट शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा.

हवा कमी, गाडी मऊ

33 च्या जागी 26 पीएसआय ठेवली की गाडी मऊ चालते खरी, आणि पहिल्याच खड्ड्यात कूस चिमटते. 40 भरली तर टायर दगडासारखा होऊन धक्का सरळ रिमला देतो. दाराच्या चौकटीवरचा आकडा, गाडी तीन तास उभी असताना. गाडी चालवून गरम झालेल्या टायरमधून हवा सोडू नका.

ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचा) टायर घेतला की खड्डे माफ, हा गैरसमज. त्याच्या खाचा खोल असतात, कच्च्यात उपयोगी. पण ओल्या सिमेंटवर ब्रेक लांब लागतो, आवाज वाढतो, आणि कूस बुटकी असेल तर त्यालाही फुगा येतो.

सिमेंटच्या रस्त्यावरून साइडपट्टीवर उतरलेलं चाक तिरकं घासत वर चढवलं की काँक्रीटची धार कूस चिरते. वेग कमी करा, चाक धारेला शक्य तितकं काटकोनात वळवून चढवा. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या जातींचे टायर नकोत. आणि स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा, तिच्याच शेजारी नटांची चावी आणि लोखंडी रिमचे मूळ नट एका पिशवीत बांधून ठेवा.