एका आवेगाचा माग काढून चेतासंस्था कशी समजून घ्यावी

चेतासंस्थेचा अभ्यास बहुतेक जण मेंदूच्या आकृतीपासून सुरू करतात. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ ही नावे पाठ होतात, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या तोंडावर बसतात, आणि तरीही पायात काटा रुतल्यावर शरीरात क्रमाने काय घडते हे विचारले की अडखळायला होते. दोष अभ्यासाच्या क्रमात असतो. एकट्या मेंदूतच सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एवढ्या पसाऱ्यात शिरण्याआधी शरीरातला एखादा आखूड मार्ग निवडून त्यावरून जाणारा एकच आवेग, म्हणजे चेतापेशीतून धावणारा विद्युत संदेश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. या कामासाठी गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेइतका सोयीचा मार्ग दुसरा नाही.

सहकाऱ्याला पाय मोकळे लोंबतील अशा उंच आसनावर बसवावे आणि नजर दुसरीकडे ठेवायला सांगावे. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली बोटाने चाचपले असता एक घट्ट पण किंचित दबणारा पट्टा लागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूला नडगीशी जोडणारा कंडरा तो हाच. त्यावर तळहाताच्या कडेने हलका पण झटक्याने आघात करावा. नेमकी जागा साधली की पाऊल आपोआप पुढे उडते. आघात जोरात करण्याची गरज नसते, आणि काही निरोगी माणसांत ही क्रिया फारच मंद दिसते, त्यामुळे यावरून कोणाच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढू नयेत.

आता कागद घेऊन मार्ग रेखाटावा. कंडरा दबताच मांडीचा स्नायू अगदी थोडा ताणला जातो. स्नायूत दडलेले ताण ओळखणारे ग्राहक त्यामुळे चेतवले जातात आणि संवेदी चेतापेशीच्या तंतूतून आवेग कंबरेच्या भागातील मेरुरज्जूकडे निघतो. या चेतापेशीची पेशीकाया मेरुरज्जूच्या लगेच बाहेर एका लहान गाठीत असते, हे आकृतीत अवश्य दाखवावे, कारण बरेच जण ती आत काढतात. मेरुरज्जूत हा तंतू थेट प्रेरक, म्हणजे स्नायूला आज्ञा देणाऱ्या, चेतापेशीपाशी पोहोचतो. प्रेरक चेतापेशीची पेशीकाया आणि संदेश स्वीकारणाऱ्या तिच्या फांद्या, म्हणजे वृक्षिका, मेरुरज्जूतच असतात. तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब धागा, मात्र मांडीपर्यंत खाली उतरतो. एकाच पेशीचा हा धागा एवढा लांब असूनही त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. संपूर्ण मार्गात मेरुरज्जूच्या आत एकच संपर्कस्थान, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याची जागा, येते, आणि पाऊल उडण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही.

पुढचा टप्पा म्हणजे या धाग्याच्या एका बिंदूवर थांबणे. कागदावर पेशीपटलाची एक रेघ ओढून तिच्या दोन्ही बाजूंना आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, लिहावेत: बाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट, आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट. ही विषमता टिकवण्याचे काम पटलातील पंप करतो. तो दर फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. विश्रांतीच्या स्थितीत पटल मुख्यतः पोटॅशियमलाच बाहेर झिरपू देते. धनभारित आयन बाहेर गेल्यामुळे आतली बाजू ऋणभारित राहते आणि दोन्ही बाजूंमध्ये सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे विभव, पडतो. उद्दीपनामुळे हा आकडा उणे ५५ च्या आसपास, म्हणजे उंबरठ्यापर्यंत आला, की पटलातील सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियमला आत येण्याच्या वाटा, धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि विभव शून्य ओलांडून अधिक ३० ते ४० पर्यंत चढते. लगेच त्या वाहिन्या निकामी अवस्थेत जातात, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि विभव पुन्हा खाली येते. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत आटोपते. हा चढउतार आलेखावर स्वतः काढून पाहावा. तयार आलेख नुसता न्याहाळल्याने कोणती वाहिनी केव्हा उघडते हे डोक्यात बसत नाही. एक गैरसमज इथेच दूर करावा: प्रत्येक आवेगानंतर पंपाला सगळे पूर्ववत करावे लागते असे नाही. एका आवेगात पटल ओलांडणाऱ्या आयनांचे प्रमाण इतके अल्प असते की एकूण साठ्यात जवळजवळ फरकच पडत नाही.

पटलाच्या एका जागी आत आलेला सोडियम शेजारच्या भागाला उंबरठ्यापर्यंत नेतो, तिथे तीच घटना नव्याने घडते, आणि आवेग पुढे सरकतो. मागच्या भागातील वाहिन्या काही काळ निकामी असल्यामुळे तो उलटा फिरत नाही. चेतातंतूला विजेच्या तारेची उपमा सर्रास दिली जाते, पण ती माझ्या मते अभ्यासकाला चकवते, कारण तारेतला संकेत अंतरागणिक क्षीण होतो, तर चेतातंतूत तो टप्प्याटप्प्याने नव्याने निर्माण होत असल्याने शेवटपर्यंत तेवढाच राहतो. वेगातही मोठे अंतर आहे. मायलिनचे जाड आवरण असलेल्या तंतूंत आवेग आवरणातील एका उघड्या जागेपासून पुढच्या उघड्या जागेपर्यंत झेप घेत जातो आणि सेकंदाला १२० मीटरपर्यंत वेग गाठतो. ठसठसणारी वेदना वाहून नेणाऱ्या आवरणहीन बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर असतो. ठेच लागल्यावर आधी तीव्र कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, यामागे हेच कारण आहे. आघात जोराचा असला तरी आवेगाची उंची वाढत नाही. वाढते ती दर सेकंदाला येणाऱ्या आवेगांची संख्या.

संपर्कस्थानापाशी मात्र रीत बदलते, आणि इथे घाई करू नये. दोन चेतापेशींमध्ये २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आत आलेल्या कॅल्शियममुळे सूक्ष्म पिशव्या पटलाला भिडून फुटतात आणि त्यांतील चेतापारेषक, म्हणजे संदेश पलीकडे नेणारे रसायन, फटीत सांडतो. समोरच्या पेशीवरील ग्राहकांना तो चिकटला की त्या पेशीचे विभव बदलते. या साऱ्याला साधारण अर्धा ते एक मिलिसेकंद लागतो. संदेश रसायनाने ओलांडतो याचा स्वच्छ पुरावा ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दिला. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. कोणतीही चेता न छेडता तेही मंदावले. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन होता, आणि या कामासाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल मिळाले. गुडघ्याच्या मार्गात मेरुरज्जूतील संपर्कस्थानी ग्लुटामेट, तर स्नायूपाशी ॲसिटिलकोलीन सुटते. काम झाल्यावर फट मोकळी व्हावी लागते: ॲसिटिलकोलीनचे विघटन एक विकर (एन्झाइम) करते, ग्लुटामेट आसपासच्या पेशी शोषून घेतात.

प्रेरक चेतापेशीवर अशी हजारो संपर्कस्थाने असतात. काही तिला उंबरठ्याजवळ नेतात, काही दूर ढकलतात, आणि क्षणोक्षणीच्या बेरजेवर आवेग निघणार की नाही हे ठरते. रेखाटलेल्या आकृतीत म्हणूनच आणखी एक फाटा जोडावा. तोच संवेदी तंतू एका सहयोगी चेतापेशीलाही चेतवतो. ती मांडीच्या मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशीला रोखते, अन्यथा तो स्नायू पावलाला विरोध करेल. बेरजेचा परिणाम पाहायचा असल्यास सहकाऱ्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगावे आणि त्याच वेळी कंडऱ्यावर पूर्वीइतकाच आघात करावा. पाऊल बहुधा अधिक जोमाने उडते. मेंदूची आज्ञा लागत नसली तरी वरून येणारे संदेश मेरुरज्जूतील पेशींना उंबरठ्याच्या किती जवळ ठेवायचे हे बदलू शकतात.

मेंदूतून जाणाऱ्या मार्गाशी तुलना करण्यासाठी ३० सेंटीमीटरची पट्टी पुरेशी आहे. सहकाऱ्याने उघड्या चिमटीत शून्याची खूण धरावी, आपण पट्टी न सांगता सोडावी आणि ती किती सेंटीमीटरवर पकडली गेली ते पाहावे. १५ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० म्हणजे सुमारे ०.२० सेकंद. अनेक वेळा करून मधला आकडा घ्यावा. गुडघ्यावरील आघातानंतर मांडीच्या स्नायूत विद्युत प्रतिसाद साधारण २० ते ३० मिलिसेकंदांतच दिसतो. डोळ्यापासून हातापर्यंतचे अंतर वेगवान तंतू थोड्याच मिलिसेकंदांत कापू शकतात, मग उरलेला वेळ जातो कुठे? बराचसा दृष्टिपटलातील संथ रासायनिक प्रक्रियेत, मेंदूतील एकामागून एक येणाऱ्या संपर्कस्थानांत आणि स्नायू प्रत्यक्ष आकुंचन पावण्यात.

समज पक्की झाली का हे तपासण्यासाठी आकृतीतील एकेक पायरी अडवून परिणाम सांगून पाहावा. दंतवैद्याचे बधिरीकरणाचे औषध सोडियमच्या वाहिन्या बंद करते. बोटुलिनम विष ॲसिटिलकोलीन सुटू देत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराचीच प्रतिपिंडे स्नायूवरील ग्राहकांवर हल्ला करतात. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर निकामी करतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू व मेरुरज्जूतील मायलिन झिजते. प्रत्येक वेळी आवेग कुठे अडला, स्नायू ढिला पडेल की आखडेल, संवेदना जाईल की राहील, याचे उत्तर पुस्तक न उघडता देता आले, म्हणजे मेंदूच्या भागांकडे आणि स्वायत्त चेतासंस्थेकडे वळायला हरकत नाही.