पेलेट स्टोव्हची काच दिवसात काळी होते? आधी हवा कुठे अडतेय ते बघा

पेलेट स्टोव्ह म्हणजे भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या गोळ्या (पेलेट) जाळून घर गरम करणारी शेगडी. तिची काच तीन-चार दिवसांत थोडी राखाडी-तपकिरी होणं नॉर्मल आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण सकाळी पुसलेली काच संध्याकाळी कोळशासारखी काळी, बर्न पॉटच्या (पेलेट जळतात ते भांडं) कडेला मऊ काळे पापुद्रे, बाहेर व्हेंटच्या (धूर बाहेर नेणारा पाइप) वर घराच्या बाहेरच्या भिंतीवर काळा पट्टा, आणि जाळ कसा तर नारिंगी, लांबुडका, आळसावल्यासारखा डुलणारा आणि टोकाला धूर सोडणारा, असं सगळं एकदम दिसायला लागलं की समजायचं लाकूड अर्धवट जळतंय. आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो, थंडीत साधारण 3 टन पेलेट जाळतो म्हणजे 40 पौंडांची 150 पोती, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत मी ही काच इतक्या वेळा घासलीय की त्यातूनच हे सगळं शिकलो.

लहानपणी गावाला लाइट गेली की कंदील लावायचो आठवतंय का, वात जास्त वर केली की पाच मिनिटांत काच काळी. आजी ओरडायची, वात खाली घे. रॉकेल जास्त, हवा तेवढीच, म्हणून काजळी. पेलेट स्टोव्हचं गणित अगदी हेच आहे. फरक एवढाच की इथे रॉकेलच्या जागी ऑगर नावाचा स्क्रू हॉपरमधून, म्हणजे पेलेट भरायच्या डब्यातून, पेलेट ढकलतो आणि हवा एका पंख्याने खेचली जाते, धूर बाहेर फेकणारा तो कंबश्चन ब्लोअर. तो धूर ओढतो म्हणून आत पोकळी होते आणि बर्न पॉटच्या भोकांतून ताजी हवा खालून वर येते. खोलीत गरम हवा फेकणारा पंखा वेगळा, त्याचा काजळीशी संबंध नाही, उगाच तो उघडत बसू नका (मी बसलो होतो, अख्खा रविवार गेला).

म्हणजे प्रश्न एकच, हवा कुठे अडतेय किंवा कुठून गळतेय. आणि हे आपोआप वाढत जाणारं दुखणं आहे, काजळी बसली की धुराची वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली की हवा आणखी कमी, हवा कमी की काजळी आणखी. म्हणून "पुढच्या वीकेंडला बघू" करू नका.

हात घालायच्या आधी स्टोव्ह बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग प्लग काढा. थंड व्हायच्या आधीच प्लग ओढला तर पंखा थांबतो आणि धूर घरात येतो. राख घरातल्या साध्या व्हॅक्युमने अजिबात ओढू नका, राखेत निखारा दडलेला असतो आणि तो दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो, पिशवी पेटते, शिवाय बारीक राख फिल्टरमधून आरपार जाऊन घरभर पसरते. राखेसाठीचा वेगळा व्हॅक्युम मिळतो तो घ्या. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली लाकडी डेकवर नाही, बाहेर दगडावर नाहीतर मातीवर.

आता बर्न पॉट. निम्म्या वेळा भानगड इथेच असते. पॉटच्या तळाला आणि बाजूला भोकं असतात, त्यांत कडक काळा थर बसतो किंवा वीटभट्टीतल्या खंगरासारखा वितळून घट्ट झालेला राखेचा गोळा. पेलेटमध्ये साल किंवा माती जास्त असली की हा गोळा हमखास होतो. रंग खरवडायची पट्टी घेऊन तळ खरवडा आणि प्रत्येक भोक, हो प्रत्येक, ॲलन की किंवा हाताने फिरवलेल्या ड्रिल बिटने मोकळं करा. वरून स्वच्छ दिसतं पण भोकं निम्मी बुजलेली असतात, पॉट उचलून उजेडासमोर धरा म्हणजे कळेल. परत बसवताना तो नीट टेकून बसला पाहिजे, खाली राखेचा खडा राहिला तर पॉट तिरका बसतो आणि हवा भोकांतून न येता फटीतून निघून जाते. रोज पाच मिनिटं याला द्या, बाकी सगळं आठवड्याने केलं तरी चालेल.

पॉट साफ असूनही जाळ डुलतोय? मग दाराचं गॅस्केट बघा, दाराच्या कडेने गेलेली ती दोरी. दार बंद करताना मध्ये डॉलरची नोट धरा आणि ओढा. घट्ट बसली पाहिजे, सहज सुटली तर तिथे गळती आहे. चारही बाजूंना करा, बिजागरीची बाजू विसरू नका, राखेच्या ट्रेच्या दारालाही करा. गळती म्हणजे फुंकणीला मधेच भोक पडल्यासारखं, तुम्ही कितीही फुंका, वारा चुलीपर्यंत पोचत नाही. पंखा खेचतोय पण हवा दारातून येतेय, जाळाच्या खालून नाही. फक्त एक सांभाळा, काही मॉडेलमध्ये काचेच्या वरच्या कडेला मुद्दाम फट ठेवलेली असते, तिथून हवेचा पडदा काचेवरून खाली येतो आणि काच स्वच्छ राहते. ती फट चिकटवून बंद केली तर काच आणखी काळी होईल. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघूनच दोरी बदला.

पुढे राखेचे लपलेले कोपरे. आतल्या मागच्या भिंतीची विटांच्या डिझाइनची प्लेट बहुतेक स्टोव्हमध्ये निघते, तिच्यामागे धुराचा रस्ता असतो आणि खाली दोन्ही बाजूंना स्क्रूने लावलेली झाकणं. आमचा स्टोव्ह आधीच्या घरमालकाकडून घरासोबत आला, पहिल्यांदा ती झाकणं उघडली तेव्हा आतून बादलीभर राख निघाली, म्हणजे कोणी कधी उघडलीच नव्हती. मी तोवर समोरचं झाडून "साफ केला" म्हणत होतो. हिशोब करा ना, 3 टन म्हणजे 6000 पौंड, राख 1 टक्का धरली तरी 60 पौंड, आणि ती सगळी काही समोरच्या ट्रेमध्ये पडत नाही. निदान प्रत्येक टनानंतर हे कोपरे उघडा. आतल्या भिंतींवर रबरी हातोडीने हलकं ठोका, वर चिकटलेली राख खाली पडते.

तिथूनच पुढे कंबश्चन ब्लोअर. चार-सहा स्क्रू काढले की मोटर पंख्यासकट बाहेर येते. पात्यांवर राखेचा थर असेल तर पंखा फिरतो पण खेचत नाही, आवाज नेहमीचाच त्यामुळे संशयही येत नाही. जुन्या टूथब्रशने साफ करा, पाती वाकवू नका, आणि मोटरखालचं गॅस्केट फाटलं असेल तर नवीनच लावा, नाहीतर धूर घरात गळेल.

मग व्हेंट पाइप. उभ्या पाइपच्या तळाशी टी (इंग्रजी T आकाराचा जोड) असतो, त्याचं झाकण काढून पाइपच्या मापाचा ब्रश वरपर्यंत फिरवा आणि बाहेरच्या टोकाची जाळी बघा, ती राखेने बुजलेली असते किंवा उन्हाळ्यात पक्ष्यांनी घरटं केलेलं असतं. इथले लोक लीफ ब्लोअरची आयडिया वापरतात, पानं उडवायचं यंत्र सक्शनवर लावून बाहेरून व्हेंटच्या तोंडाला जोडायचं आणि स्टोव्हमधली राख अंगणात ओढून काढायची. मस्त चालतं, पण स्टोव्ह पूर्ण एक दिवस थंड हवा, तोंडाला मास्क हवा, व्हॅक्युम स्विचची (आत खेच आहे की नाही ते ओळखणारा स्विच) बारीक नळी आधी काढून ठेवा नाहीतर जोराच्या ओढीने स्विच बिघडू शकतो, आणि वाऱ्याची दिशा बघा. मी पहिल्या वेळी नाही बघितली, शेजाऱ्याची पांढरी गाडी राखाडी झाली.

पाइप साफ आहे तरी खेच कमी वाटते तर पाइपची लांबी मोजा. फुटांत नाही, व्हेंटच्या हिशोबाने. आडवा पाइप एका फुटाला 1, उभा एका फुटाला अर्धा, 45 अंशाचा एल्बो (पाइपचं वळण) 3, 90 अंशाचा 5, टी 5. बेरीज 15 च्या वर गेली की 3 इंची पाइप पुरत नाही, 4 इंची लागतो, हा इकडचा सर्रास वापरला जाणारा नियम. आमच्याकडे टी 5, सहा फूट उभा म्हणजे 3, दोन एल्बो 10, दोन फूट आडवा 2, एकूण 20, आणि पाइप 3 इंची! बसवणाऱ्याने कोपरा वाचवायला एक एल्बो जास्तीचा घातला होता. 4 इंची केल्यावर जाळाचा रंगच बदलला. हे काम मात्र स्वतः करू नका, सर्टिफाइड माणसाकडून करा, पाइप भिंतीतून जातो आणि लाकडापासून किती अंतर ठेवायचं याचे नियम आहेत.

पेलेटबद्दल इथे फार भांडणं होतात, हार्डवुड की सॉफ्टवुड. माझं मत सांगतो, लाकडापेक्षा कोरडेपणा आणि भुसा बघा. पोत्यावर राखेचं प्रमाण लिहिलेलं असतं, अमेरिकेत प्रीमियम ग्रेडला कमाल 1 टक्का आणि ओलावा कमाल 8 टक्के, युरोपातल्या एन-प्लस ए-वन ग्रेडला राख कमाल 0.7 टक्के. चांगला पेलेट चकचकीत असतो आणि कटकन तुटतो, ओल लागलेला मऊ पडतो, चुरा होतो. गराजच्या फरशीवर थेट पोती ठेवू नका, खाली लाकडी फळ्यांची चौकट घाला. हॉपर पूर्ण रिकामा करून तळाचा भुसा महिन्यातून एकदा तरी काढा. अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: आखूड पेलेट स्क्रूमध्ये दाटून बसतात त्यामुळे त्याच सेटिंगला जास्त माल पडतो. म्हणजे ब्रँड बदलला, सेटिंग तेच ठेवलं, की वात आपोआप वर. नवीन पोतं टाकलं की फीड आणि हवेचा डँपर परत जुळवा. डँपर थोडासाच उघडा, 15-20 मिनिटं थांबा, जाळ बघा. पिवळा-पांढरा, आखूड, चपळ झाला की बास. पेलेटचे निखारे पॉटमधून उड्या मारायला लागले तर हवा जास्त झाली, थोडी कमी करा.

आणि आठवडेच्या आठवडे सगळ्यात कमी सेटिंगवर चालवू नका. ऑक्टोबरमध्ये थंडी कमी असते म्हणून सगळे तेच करतात आणि मग काच काळी म्हणून रडतात. त्यापेक्षा थर्मोस्टॅटवर चालू-बंद होऊ द्या, नाहीतर रोज अर्धा तास मोठ्या सेटिंगवर चालवा.

आता आमच्या घरची गंमत. एवढं सगळं केलं, पाइप बदलला, तरी शनिवार-रविवारी काच काळी. सोमवार ते शुक्रवार ठीक. डोकं चालेना. शेवटी बायकोच म्हणाली, अरे मी स्वयंपाकघरातला हूड (धूर बाहेर फेकणारा पंखा) लावला की तुझा स्टोव्ह मरगळतो बघ. आणि खरंच! वीकेंडला रीतसर स्वयंपाक, मिरचीची फोडणी, ठसका नको म्हणून हूड फुल्ल, वर कपड्यांचा ड्रायर चालू, बाथरूमचा फॅन चालू. हे सगळे घरातली हवा बाहेर फेकतात, घर नवीन इन्सुलेशनचं, फटी नाहीत, मग स्टोव्हला हवा कुठून मिळणार. टेस्ट सोपी आहे, हूड चालू असताना स्टोव्हजवळची खिडकी दोन बोटं उघडा, पाच-दहा मिनिटांत जाळ तरतरीत झाला तर रोग सापडला. उपाय म्हणजे आउटसाइड एअर किट, बाहेरून थेट स्टोव्हला हवा आणणारी नळी. इथे मोबाइल होममध्ये (कारखान्यात तयार करून आणलेलं घर) ती कंपल्सरीच आहे, बाकीच्या घरांत लोक पैसे वाचवायला टाळतात. आम्ही बसवली, फोडणी आणि स्टोव्ह दोन्ही सुखाने चालू आहेत.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ पाहिजेच. अर्धवट जळण्यात काजळीबरोबर तोही तयार होतो, त्याला वास नसतो, म्हणून अलार्म वाजला किंवा घरात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, फोन बाहेरून करा. आणि काळ्या पापुद्र्यांऐवजी पाइपमध्ये चकचकीत, डांबरासारखा कडक थर दिसला तर तो ब्रशने जात नाही, तिथे चिमणीवाल्यालाच बोलवा, तोवर स्टोव्ह बंद. तसंही वर्षातून एकदा त्याच्याकडून तपासणी करून घेतोच आम्ही, सप्टेंबरच्या आधी, नंतर अपॉइंटमेंट मिळत नाही.

काच पुसायला महागडे स्प्रे आणू नका. थंड काचेवर, ओल्या कागदाला स्टोव्हचीच बारीक मऊ राख लावून गोल फिरवा, आपल्याकडे भांडी घासायचे तसं, फक्त राखेत खडा नाही ना ते बोटांनी चोळून बघा, नाहीतर चरा पडेल. मग ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. आणि पुसल्याची तारीख हॉपरच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा, सोबत पेलेटचा ब्रँड आणि सेटिंग. तीन-चार दिवस काच टिकली तर काही करू नका, एका दिवसात परत काळी झाली तर बर्न पॉटच्या भोकांपासून पुन्हा सुरुवात.